बैलाच्या शिंगाचा कर्करोग आणि शरीरातील अंतःस्राव

पोळा जवळ आला की लोणारच्या शिवारात बैलांची शिंगे साळून रंगविण्याची धांदल उडते. त्या वेळी शेतकरी बंधूंनी शिंग मुळाशी हलते काय, हाताला गरम वा मऊ लागते काय, हेही पाहावे, अशी आमची सूचना आहे. कारण शिंगाचा कर्करोग हा कामाच्या बैलांस विशेषेकरून जडणारा रोग होय.

शिंगातील पोकळ हाडाच्या नाजूक अस्तरात तो उत्पन्न होतो. गाय व वळू यांपेक्षा खच्ची केलेल्या बैलांत, बहुधा पाच ते दहा वर्षांच्या वयात, तो फार अधिक आढळतो. असे का व्हावे? उन्हाचा ताप, जुवाचे व दोराचे घर्षण, शिंगे साळताना होणारी इजा ही कारणे सांगतात. खच्ची केल्याने अंतःस्रावांचा तोल बदलतो, हेही एक कारण असावे असे तज्ज्ञ मानतात.

अंतःस्राव, ज्यांस हार्मोन म्हणतात, ही ग्रंथींत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवास निरोप पोचविणारी द्रव्ये होत. गाय व्याली की कासेत दूध उतरते ते त्यांच्याच योगे. हाच निरोप कधी अर्बुदासही वाढवितो. १९३२ साली फ्रान्समध्ये लाकासान्य यांनी नर उंदरांस मादीचा अंतःस्राव टोचला, तेव्हा त्यांस स्तनाचा कर्करोग झाला. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयात १९४३ साली सीताफळाच्या कुळाचा अभ्यास करून एम्. एस्सी. झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी पुढे मुंबईत उंदरांवर संशोधन करून या रोगात अंतःस्राव व विषाणू यांचा परस्परसंबंध दाखविला. तात्पर्य, अंतःस्राव हा सहसा एकटा रोगाचे बी नसून बी रुजविणारी ओल असतो.

यावरून बैल खच्ची करणेच सोडावे असे नव्हे. औताला शांत जनावर हवेच. मात्र शिंगे खोलवर साळू नयेत. बैल वारंवार डोके झटकू लागला, मान एका अंगास कलती धरू लागला, शिंग झाडास घासू लागला, किंवा त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित घाण वाहू लागली, तर विलंब न करता पशुवैद्यास दाखवावे. आरंभीच शिंग मुळापासून काढल्यास बैल पुष्कळदा वाचतो व पुन्हा जुवाखाली उभा राहतो. शिंग लोंबून किडे पडेपर्यंत थांबणाऱ्यास मात्र ऐन हंगामात जोडी मोडलेली पाहावी लागते.