लगामाआधी तोंड बघा

सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोडी घ्यायला आलेला माणूस बारकाईने बघतो. उंची बघतो, कानांची टोकं जुळतात का बघतो, देवमण आणि बाकीचे केसांचे भोवरे शोधतो, रेवाल चाल चालवून घेतो. तोंड उघडतो ते वयासाठी. पुढचे दात पाहिले की ओठ सोडून देतो. लगाम बसतो ती जागा मात्र या दातांच्या मागे असते. तिथवर फार थोड्यांची नजर जाते, आणि माझ्या घोडीचं दुखणं नेमकं तिथंच होतं.

ती मला काटेरी लगामासकट मिळाली. विकणाऱ्याचं म्हणणं, तोंडाची कडक आहे, साध्या लगामाला जुमानत नाही. धुळ्याला आणली तर लगाम दिसला की मान वर फेकायची, डावीकडे वळायला राजी नसायची, अर्धवट चावलेल्या कडब्याचे गोळे गव्हाणीत पडायचे. बघायला येणारा जो तो आणखी कडक लगाम सुचवायचा. टांगा हाकण्यात उमर गेलेले शेजारचे आबा तेवढे वेगळं बोलले. ओठाच्या कोपऱ्यात बोट घालून त्यांनी हलकेच चाचपलं आणि म्हणाले, "भो, तिनं तोंड दुखी ऱ्हायनं." पशुवैद्यकांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन जबडा उघडला, बॅटरीचा उजेड आत टाकला, तेव्हा आबांचं म्हणणं डोळ्यांनी दिसलं. हिरडीवर जुनी आणि ताजी अशा दोन्ही जखमा होत्या, आणि डाव्या गालाला आतून खाच पडली होती.

घोड्याचे पुढचे दात संपतात तिथून दाढा सुरू होईपर्यंत मोकळी हिरडी असते. लगामाची सळई जिभेवर आणि या हिरडीवर टेकते. तिथे मांस जवळजवळ नसतंच. पातळ कातडी आणि खाली लगेच जबड्याच्या हाडाची धार. शिवाय घोड्याच्या दाढा वर्षानुवर्षं उगवत राहतात आणि चावताना झिजतात. वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड धारदार होत जाते. लगामाने गाल आत दाबला की तो त्या धारेवर कापला जातो. काही घोड्यांना वरच्या पहिल्या दाढेपुढे एक बारीक जादा दात असतो, त्यावर सळई आपटली की कळ मस्तकात जाते. अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात दुधाचे दात पडून कायमचे येत असतात, आणि बहुतेक घोडी नेमकी त्याच वयात लगामाला लागतात. म्हणून वर्षातून एकदा दाढा तपासून घ्या, धार कानशीने घासून घ्या. हे काम पशुवैद्यकाचंच आहे, घरी करू नका.

जखम भरेपर्यंत तोंडात काहीही घालायचं नाही. आम्ही तिला नुसत्या मोहरकीवर फिरवली. मग लगामाची निवड सुरू झाली.

सळई गुळगुळीत हवी. दुकानातच सुती फडकं तिच्यावरून ओढून बघा. धागा कुठे अडकला, तर जोडाची खडबड तोंडातही लागणार. मुलामा उडालेला, गंजलेला माल स्वस्त मिळाला तरी नको, स्टेनलेस स्टीलचा घ्या. बारीक सळई हिरडीत रुतते, हे खरं. पण जितकी जाड तितकी मऊ, हा समज चुकीचा आहे. पुष्कळ मारवाडी-काठियावाडी घोड्यांचं तोंड लहान, जीभ भरलेली. जाड सळई मावत नाही आणि घोडा तोंड मिटू शकत नाही. साधारण १४ ते १६ मिलिमीटर जाडी बऱ्याच घोड्यांना चालते. लहान तोंडाला त्याहून थोडी कमी. मधोमध एकच जोड असलेली सळई दोन्ही वाद्या ओढल्या की अडकित्त्यासारखी मिटते, जीभ चिमटते, टाळूला टोचूही शकते. नाजूक तोंडाला दोन जोडांची, मध्ये गोलसर छोटा दुवा असलेली सळई बरी. माझ्या घोडीला तीच मानवली. काहींना किंचित बाक दिलेली अखंड सळई आवडते. रबर लावलेली घेतलीत तर रबर चावून फाटलंय का, ते रोज बघा. काटेरी सळईला चिंधी गुंडाळणं हा उपाय नव्हे, दाब तोच राहतो. खाली लांब दांड्या आणि हनुवटीला साखळी असलेला लगामही टाळा. त्यात हाताचा थोडासा ओढा तोंडात कितीतरी पट होतो.

माप घ्यायला सुतळी तोंडातून आडवी घाला आणि दोन्ही ओठांच्या कोपऱ्यांशी खूण करा. सळई त्याहून दोन्ही बाजूंना अर्धा सेंटिमीटर जास्त असली की पुरे. ओठाच्या कोपऱ्याला एखादी हलकी सुरकुती पडेल इतपतच गालावरचा पट्टा वर घ्या. मार्गशीर्षाच्या पहाटे खानदेशात लोखंड बर्फ होतं, ते आधी तळहातात धरून ऊब द्या.

सगळ्यात जास्त जीव तुटतो तो वरातीत. बँड वाजतो, घोडी मान झटकते, तोंड वासते, फेस गाळते, आणि लोक म्हणतात काय नाचते! त्यातल्या कितीतरी घोड्या वेदनेने झटकत असतात. फेसात लाली दिसली तर वरात थांबवा. धरणाऱ्याची दोरी लगामाच्या कडीला कधीही बांधू नका. लगामाखाली मोहरकी घाला आणि दोरी तिला बांधा. घोडी भाड्याने सांगायला जाताना लग्नघरानेही एकदा लगाम मागून हातात घेऊन बघावा.

काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांनी बंदी आहे. वाहन ओढणाऱ्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांवरील क्रूरता रोखण्यासाठी ते नियम आहेत. तरीही असा लगाम विकायला टांगलेला दिसला तर तो घेऊ नका, आणि शेजारी उभ्या असलेल्यालाही घेऊ देऊ नका.