कॉइलला हात लावण्याआधी

शेजारच्या म्हाताऱ्याने गॅरेज आवरायला काढलं आणि त्यातून निघालेला मेटल डिटेक्टर कुंपणावरून माझ्या हातात दिला. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये येऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. यंत्र सत्तरच्या दशकातलं. पत्र्याची पेटी, दोन मोठी बटणं, काट्याचा मीटर आणि दांड्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी प्लॅस्टिकची कॉइल. देताना तो एवढंच म्हणाला, "वाटेल ते उघड, कॉइल उघडू नकोस." मी मान डोलावली. तीन आठवड्यांनी मी त्याच कॉइलवर हॅक्सॉ ब्लेड चालवत होतो.

सुरुवात मात्र चांगली झाली होती. बॅटरीच्या खणात पांढरट पूड साठली होती. असं दिसलं की आधी बॅटरी कुठली होती ते वाचा. अल्कलाइन गळली असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा. जुनी झिंक-कार्बनची असेल तर तिची गळती आम्लाच्या बाजूची असते, तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी लागतं. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा हात फिरवून रात्रभर वाळू द्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर पन्नास वर्षांत सुकतातच, ते सरसकट बदलावेत, पण एका वेळी एकच काढायचा आणि काढण्याआधी फोनवर फोटो घ्यायचा. मी एकदम चार काढले आणि एक उलटा बसवला. फटकन वाजला. स्वयंपाकघरातून आवाज आला, "अरे, काय जाळतोयस?" बटणं फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून दोन्ही टोकांपर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

यंत्र सुरू झालं आणि हेडफोनमध्ये बारीक गुणगुण आली. ही गुणगुण म्हणजे या जुन्या टीआर (ट्रान्समिट-रिसीव्ह) यंत्रांचा प्राण. ट्यूनिंगचं बटण इतकंच फिरवायचं की आवाज जेमतेम ऐकू यावा. खाली धातू आला की तो चढतो. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर गेली तरी तो बदलतो. ऊन चढलं की सरकतो. हाताला सतत काम असतं. आणि एक गोष्ट, घरात टेबलावर याची परीक्षा घेऊ नका. टेबलाचे खिळे, एलईडी दिवे, चार्जर सगळे त्यात बोलतात. मी दोन संध्याकाळी त्या गोंगाटावर घालवल्या. बागेत नेलं तर यंत्र शांत.

बागेत मात्र नवीनच तक्रार निघाली. कॉइल हलवली की करकर. मी ठरवून टाकलं की आतली तार तुटली आहे. खात्री करून घ्यायला हवी होती. घाई झाली होती, रविवार होता, आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिल्यामुळे अंगात मिस्त्री संचारला होता.

कॉइलच्या आत नेमकं काय असतं ते सांगतो, म्हणजे माझ्या अपराधाचं माप कळेल. आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात. एक जमिनीत चुंबकीय क्षेत्र पाठवतं, दुसरं ऐकतं. ऐकणारं वेटोळं अशा जागी बसवलेलं असतं की पाठवणाऱ्याचा आवाज त्याला जवळजवळ पोचूच नये. ती जागा कारखान्यात मिलिमीटरच्याही अंशात जुळवतात आणि मग सगळं रेझिनमध्ये बुडवून कायमचं गोठवतात. मी झाकण कापलं, रेझिनचा एक टवका उडाला आणि ऐकणारं वेटोळं केसभर सरकलं. बटण दाबलं तर हेडफोनमध्ये भोंगा. ट्यूनिंग कुठेही न्या, भोंगा तसाच.

पुढचे तीन शनिवार-रविवार मी ऑसिलोस्कोप उसना आणून ते वेटोळं लाकडी काडीने ढकलत बसलो. शेवटी पडद्यावरची रेघ सपाट झाली. आनंदाने इपॉक्सी ओतलं. इपॉक्सी घट्ट होताना तापतं आणि किंचित आकसतं. सकाळी पाहिलं तर वेटोळं पुन्हा हललेलं, आणि आता ते दगडात बसल्यासारखं घट्ट.

खरी मेख त्यानंतर सापडली. कॉइलमध्ये केबल शिरते तिथून दोन इंच वर तांबं आतल्या आत तुटलं होतं, वरचं रबर शाबूत. जुन्या डिटेक्टरमध्ये सगळ्यात आधी मान टाकते ती ही जागा, कारण केबल रोज तिथेच वाकते. मल्टीमीटर ओहमवर ठेवायचा, केबलच्या तारांना लावायचा आणि दोन्ही टोकांशी केबल हलवत राहायचं. आकडा नाचला तर दोष केबलमध्ये. स्थिर राहिला तर पेटीकडे वळा. दहा मिनिटांचं काम. केबल कापून नवी जोडली असती, सोल्डर मारलं असतं, की झालं होतं.

मग नवीन यंत्र घ्यायला निघालो आणि तिथेही तोंडावर आपटलो. "सगळ्यात खोल जाणारं कुठलं?" हा पहिला प्रश्न दुकानात विचारला, तो चुकीचा होता. विचारायचं असतं ते आपण कुठल्या जमिनीत फिरणार ते. बारीक सोनं आणि पातळ जुनी नाणी चढ्या फ्रिक्वेन्सीला चांगली बोलतात, पंधरा-वीस किलोहर्ट्झच्या आसपास. जाड तांबं, मोठी चांदी खालच्या फ्रिक्वेन्सीला खोलवर सापडते. ओल्या खाऱ्या वाळूवर एकाच फ्रिक्वेन्सीचं यंत्र वेडं होतं, तिथे मल्टी-फ्रिक्वेन्सी किंवा पल्स इंडक्शन हवं. पल्समध्ये मात्र लोखंड वेगळं काढणं अवघड, म्हणजे प्रत्येक खिळा उपसायचा. जुन्या वस्तीच्या खिळ्यांनी भरलेल्या शेतात लहान कॉइल मोठीपेक्षा जास्त कामाची, कारण दोन खिळ्यांच्या मधलं नाणं तिला वेगळं ऐकू येतं. ब्लूटूथ हेडफोन साधे असतील तर आवाज उशिरा येतो आणि तोवर कॉइल पुढे निघून गेलेली असते. वजन दुकानात पाच मिनिटं धरून ठरवू नका. अर्धा तास झुलवू देत असतील तरच घ्या.

मी महागडं घेतलं आणि पहिल्याच दिवशी सेन्सिटिव्हिटी शेवटपर्यंत चढवली. काढणी झालेलं शेत, धसकटं पायाला टोचतायत, आणि यंत्र पावलोपावली ओरडतंय. बिअरच्या डब्यांच्या कड्या आणि चंदेरी कागदाचे गोळे यांनी खिसा भरला. पडद्यावर प्रत्येक धातूचा एक आकडा उमटतो, वैतागून मी कड्यांचा आकडा बंद करून टाकला. महिन्याभराने कळलं की सोन्याची अंगठी बहुधा त्याच आकड्यांच्या आसपास बोलते. महिनाभर मी सोन्यालाच कान बंद करून फिरलो होतो. हे जुन्या यंत्राने मला आधीच शिकवलं असतं. त्याला पडदाच नव्हता. कानावर भिस्त ठेवावी लागायची. 2009 साली स्टॅफर्डशरचा तो सोन्याचा साठा सापडला तो टेरी हर्बर्टला, आणि त्याच्या हातात चौदा वर्षांचं जुनं यंत्र होतं.

यंत्राआधी परवानगी, हे मात्र मी पहिल्या दिवसापासून पाळलं. इंग्लंडमध्ये शेतमालकाचं हो लागतं, आणि मी तरी ते लेखीच घेतो. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं 1979 च्या कायद्याने गुन्हा आहे. तीनशे वर्षांपेक्षा जुनं, सोनं-चांदी दहा टक्के तरी असलेलं काही (एकटं सुटं नाणं सोडून) सापडलं तर 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे चौदा दिवसांत कॉरोनरला कळवावं लागतं. सापडलेल्या वस्तूंची नोंद घेणारा आमच्या भागातला फाइंड्स लिएझन ऑफिसर हे सगळं समजावून सांगतो, चहा पाजून.

गेल्या महिन्यात पुतण्याचा कऱ्हाडहून फोन. "काका, दिवाळीला येताना मशीन घेऊन या ना. गडावर जाऊ." मी म्हटलं, आपला बसाल्ट मॅग्नेटाइटने भरलेला, तिथे मशीन दगडावरच किंचाळेल. आणि ते राहू दे, गड संरक्षित असेल तर उकरायचा प्रश्नच नाही. दुसरीकडे मातीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तरी 1878 च्या कायद्याने कलेक्टरला कळवावं लागतं. "दहा रुपये?" तो हसायला लागला. "मग तुमची ती जुनी बिघडलेली कॉइल तरी आणा. शाळेत प्रोजेक्ट आहे. आत काय असतं ते दाखवायचंय."

ती उघडलेलीच आहे, मी म्हटलं.