ब्राह्मी : ओळख, लागवड व स्मरणशक्तीसाठी उपयोग

शेतकरी बंधूंकडून एक प्रश्न वारंवार येतो, "वडील अलीकडे फार विसरतात. ब्राह्मीचा रस द्यावा का?" उत्तरापूर्वी वनस्पतीची नीट माहिती करून घेऊ.

ओळख : ब्राह्मी या नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात. जलब्राह्मी (बाकोपा मोनिएरी) पाणथळ जागी जमिनीवर पसरते. पाने लहान, मांसल व समोरासमोर असून फुले पांढरी ते फिकट जांभळी असतात. मंडूकपर्णीची (सेंटेला आशियाटिका) पाने गोलसर, लांब देठाची असतात. दोन्हींतील औषधी घटक वेगळे आहेत. म्हणून बेणे खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे.

लागवड : ओलावा टिकवणारी जमीन निवडावी. पावसाळ्याच्या सुरुवातीस ५ ते १० सें.मी. लांबीचे मुळे असलेले फाटे १० × १० सें.मी. अंतरावर लावून लगेच पाणी द्यावे. लखनौच्या 'सीमॅप' संस्थेने प्रज्ञाशक्ती व सुबोधक या जाती विकसित केल्या आहेत. तळाशी ४ ते ५ सें.मी. भाग ठेवून कापणी केल्यास खोडवा घेता येतो. माल सावलीत वाळवावा.

महत्त्वाची दक्षता : ही वनस्पती पाण्यातील शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू शोषून घेते. गटाराच्या किंवा कारखान्याच्या सांडपाण्यावर ती कदापि वाढवू नये. अशा जागेवरची ब्राह्मी उपटून घरातही वापरू नये.

उपयोग किती? : निरोगी ज्येष्ठांवरील काही लहान चाचण्यांत रोज ३०० मि.ग्रॅ. प्रमाणित अर्क १२ आठवडे दिल्यावर आठवणीच्या काही कसोट्यांत थोडी सुधारणा दिसली. घरच्या रसात अर्काएवढे घटक असतीलच असे नाही. स्मृतिभ्रंश मात्र ब्राह्मीने बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. गिंको या वनस्पतीची अमेरिकेत तीन हजारांहून अधिक वृद्धांवर चाचणी झाली. २००८ साली तिचा निष्कर्ष आला, की गिंकोने स्मृतिभ्रंश टळत नाही. ब्राह्मीने काहींना मळमळ व जुलाब होतात. चालू औषधे डॉक्टरांना सांगूनच ती घ्यावी.

काय करावे? : ओळखीच्या शिवारात वाट चुकणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, पैशांचा हिशेब न जमणे ही लक्षणे "वयाचा परिणाम" म्हणून सोडून देऊ नयेत. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसराळूपणा येतो व वेळीच उपचार केल्यास तो कमी होऊ शकतो. रस पाजत सहा महिने घालवले, तर ही संधी हातची जाते. म्हणून आधी तपासणी करावी. तसेच अशा घरात कीटकनाशके कुलपात ठेवावीत व विहिरीला कठडा बांधावा.

ब्राह्मी पीक म्हणून जरूर घ्यावी, परंतु तपासणीला पर्याय म्हणून नव्हे.