तीन दिवसांत छापलेला पेपर

फायनल इयरला असताना आम्ही फ्लाय अ‍ॅश घातलेल्या काँक्रीटवर प्रोजेक्ट केला आणि त्यावर पेपर लिहिला. एका ‘इंटरनॅशनल’ जर्नलचा मेल आला, ‘तीन दिवसांत प्रसिद्धी’. चौघांनी वर्गणी काढून फी भरली. तिसऱ्या दिवशी पेपर छापून आला, सोबत सर्टिफिकेट. त्या रात्री सात रस्त्यावर पार्टी झाली!

पुढे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी आमचा तक्ता पाहिला आणि विचारलं, “हे क्यूब ७ दिवसांचे की २८ दिवसांचे?” आम्ही गप्प. दोन्हींचे आकडे एकाच रकान्यात मिसळले होते. चूक आमचीच. पण छापण्याआधी हे कुणीच का विचारलं नाही?

खरं तर जर्नलचं काम तेच. संपादक पेपर त्या विषयातल्या जाणकारांकडे पाठवतात. ते पद्धत, हिशोब, निष्कर्ष तपासतात, शंका काढतात. यालाच पीअर रिव्ह्यू म्हणतात. त्याला आठवडे, कधी महिने लागतात. फी चांगली जर्नल्ससुद्धा घेतात, पण तिथे तपासणी होते. आमच्या बाबतीत फक्त फी जमा झाली.

तुम्ही म्हणाल, मान्य यादी पाहायची ना! तर यादीचीही गोष्ट ऐका. यूजीसीच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेली हजारो जर्नल्स होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतली १००९ तपासली. २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष आला : ८८ टक्क्यांहून जास्त जर्नल्स कमी दर्जाची असू शकतात. ३४.५ टक्के तर पत्ता, वेबसाइट, संपादकांची नावं अशी साधी माहितीच नाही किंवा चुकीची म्हणून बाद झाली. त्याच वर्षी यूजीसीने ४३०५ जर्नल्स यादीतून काढली. मग ‘यूजीसी-केअर’ यादी आली, तीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता पारख करायची ती कॉलेजने आणि आपणच.

मग बघायचं काय? संपादक मंडळातलं एखादं नाव घ्या आणि त्यांच्या संस्थेच्या वेबसाइटवर ती व्यक्ती आहे का ते पाहा. आयएसएसएन नंबर पडताळा. ‘कोप’ या १९९७ पासून प्रकाशनाची नीती पाहणाऱ्या संस्थेचा शिक्का दिसला, तर ‘कोप’च्या वेबसाइटवर खात्री करा. छापलेली चूक दुरुस्त करायची सोय आहे का, तेही वाचा. आपली बाजूही स्वच्छ हवी : एकच पेपर एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवायचा नाही आणि काम न केलेल्याचं नाव घालायचं नाही.

आम्ही दुरुस्तीसाठी त्या संपादकांना दोनदा मेल केला. उत्तर नाही. पेपर अजून नेटवर आहे, आमच्या चौघांच्या नावासकट. उद्या एखादा ज्युनिअर तो तक्ता खरा मानून पुढचा हिशोब करेल, ही टोचणी जात नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. फ्लाय अ‍ॅशवर काम करणाऱ्यांनो, तो तक्ता वापरू नका. क्यूब स्वतः टेस्ट करा!