दोन पँटी, पाच शर्ट

कॅम्पस इंटरव्ह्यू आले की हॉस्टेलमध्ये एकच कोट सहाजणांच्या अंगावर फिरतो, हे मी स्टाफ क्वार्टर्समधून बघते. म्हणून हा धडा.

आमचे हे खालापूरकडच्या कारखान्यात बारा वर्षं शिफ्टला. अंगावर कंपनीचा युनिफॉर्म, घरी बर्मुडा. मग गिऱ्हाइकांसमोर बसायची बढती मिळाली आणि कपाटात लग्नातल्या सफारीशिवाय काही नाही! घाईत रेडिमेड सूट आणला. पैसे गेले, वर खांदा उतरलेला. कंबर, बाही, उंची शिंपी सहज दुरुस्त करतो. खांद्याला मात्र तो हात लावायला तयार नसतो.

मग कर्जतहून लोकलने उल्हासनगर गाठलं आणि कापडच घेतलं. ५८ इंच पन्ह्यात पँटला साधारण १.२० मीटर, पूर्ण बाहीच्या शर्टाला १.६० मीटर लागतं (उंच मुलांनी थोडं जास्त घ्यावं). नेव्ही आणि राखाडी अशा दोन पँटी, फिक्या रंगांचे पाच शर्ट, म्हणजे दहा जोड्या. हे गणित तुम्हाला मी काय शिकवणार!

सुती कापड आटतं, म्हणून शिवण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवलं. पण आपल्याकडच्या पावसात सुती शर्ट दोन-दोन दिवस वाळत नाही. पॉलिएस्टर पाणी फार कमी शोषतं, म्हणून तीन शर्ट टेरीकॉटचे. उन्हाळ्यासाठी दोन सुती. बूट आणि पट्टा काळा, एकेकच.

पहिल्या दिवशी हे आरशासमोरून हलेनात. "अगं, कॉलर टोचतेय." टोचत कसली! बारा वर्षांत वरचं बटण लावलंच नव्हतं.