इराणची लोकशाही कुणी मोडली?

प्रश्न : १९५३ साली अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून इराणमधलं लोकांचं सरकार पाडलं, असा उल्लेख बातम्यांमध्ये वारंवार येतो. इराणमध्ये तेव्हा खरोखर लोकशाही होती का? परदेशातून आलेले चार हेर एवढ्या मोठ्या देशाचं सरकार उलथवू शकतात का? घरचे भेदी असल्याशिवाय हे शक्य नाही. मग दोष बाहेरच्यांना का द्यायचा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : घरचे भेदी होते, हे आधी मान्य करू. त्यांत सेनापती होते, खासदार होते, संपादक होते आणि काही धर्मगुरूही होते. तरीही या घटनेची मुख्य जबाबदारी लंडन आणि वॉशिंग्टनवरच येते, असं माझं स्पष्ट मत आहे. ते का, हे समजून घ्यायचं तर १९५३च्या बरंच मागे जावं लागेल. तुमचे प्रश्न एकेक करून घेऊ.

लोकशाही होती का?

होती, आणि ती इराणी लोकांनी स्वतः मिळवलेली होती. १८९० मध्ये नासिरुद्दीन शहाने देशातल्या सगळ्या तंबाखूचा मक्ता एका इंग्रजाला देऊन टाकला. व्यापाऱ्यांनी बाजार बंद केले, धर्मगुरूंनी तंबाखू निषिद्ध ठरवली, लोकांनी हुक्के बाजूला ठेवले. १८९२ मध्ये शहाला मक्ता रद्द करावा लागला. राजाची सही लोक फिरवू शकतात, हे तेव्हा देशाला पहिल्यांदा कळलं.

१९०६च्या उन्हाळ्यात त्याच लोकांनी राज्यघटना मागितली. तेहरानमधल्या ब्रिटिश वकिलातीच्या बागेत हजारो माणसं आश्रयाला जाऊन बसली. व्यापारी, कारागीर, विद्यार्थी, सगळे त्यांत होते. प्रत्येक व्यवसायाने आपापला तंबू ठोकला, मोठमोठ्या कढयांमध्ये सगळ्यांचं जेवण शिजत होतं आणि तंबूंमधून घटना म्हणजे काय, यावर भाषणं चालत होती. काही आठवड्यांत शहाने मान तुकवली. त्याच वर्षी मजलिस, म्हणजे इराणची संसद, भरली आणि डिसेंबरमध्ये मुझफ्फरुद्दीन शहाने घटनेवर सही केली. आशियातल्या बहुतेक देशांना असं काही स्वप्नवत वाटावं, असा तो काळ होता.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९०७ मध्ये, ज्यांच्या बागेत हे आंदोलन झालं त्या ब्रिटनने रशियाशी करार केला. उत्तर इराण रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय भाग ब्रिटनच्या प्रभावाखाली आणि मधला पट्टा मोकळा, अशी वाटणी झाली. इराणच्या मजलिसला कुणी विचारलंसुद्धा नाही. १९०८ मध्ये नव्या शहाने रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कोसॅक ब्रिगेडकडून मजलिसच्या इमारतीवर तोफा डागल्या. लोक पुन्हा लढले आणि १९०९ मध्ये त्यांनी तेहरान परत घेतलं. १९११ मध्ये मजलिसने देशाचा खजिना सावरण्यासाठी मॉर्गन शुस्टर या अमेरिकन माणसाला नेमलं. त्याने कर नीट वसूल करायला सुरुवात करताच रशियाने त्याला काढण्याची निर्वाणीची मागणी केली. मजलिसने ती धुडकावली. मग रशियन फौजांच्या धाकाखाली मजलिसच बंद करण्यात आली.

१९२१ मध्ये ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांच्या पाठबळाने रझा खान या अधिकाऱ्याने सत्ता हाती घेतली आणि तो पुढे शहा झाला. त्याने रस्ते, रेल्वे, शाळा उभ्या केल्या, पण मजलिस नावापुरती उरली. दुसऱ्या महायुद्धात तो जर्मनीकडे झुकतोय असं वाटताच ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत रशियाने इराणवर चाल केली. ब्रिटनच्या बाजूने त्यात हिंदुस्थानी पलटणी होत्या. रझा शहाला गादी सोडावी लागली. त्याला घेऊन निघालेलं जहाज मुंबईसमोर येऊन थांबलं, पण इंग्रज सरकारने त्याला बंदरात उतरू दिलं नाही. तिथूनच त्याची रवानगी मॉरिशसला झाली. ज्यांनी चढवला, त्यांनीच उतरवला. या दोन्ही वेळी इराणी मतदाराला काही स्थान नव्हतं.

तेलाचं भांडण नेमकं काय होतं?

१९०१ मध्ये विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रजाला साठ वर्षांसाठी तेलाचा मक्ता मिळाला. इराणला मिळणार होता निव्वळ नफ्याचा १६ टक्के हिस्सा. १९०८ मध्ये मस्जिद सुलेमान इथे तेल लागलं. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारनेच या मक्त्यावर उभ्या राहिलेल्या कंपनीचे बहुतांश समभाग घेतले. म्हणजे पुढे इराणने कंपनीशी वाद घातला की तो थेट ब्रिटिश सरकारशी वाद होई. चाळीसच्या दशकाच्या शेवटी कंपनीकडून ब्रिटिश सरकारला करापोटी मिळणारी रक्कम इराणला मिळणाऱ्या स्वामित्वधनापेक्षा जास्त होती. हिशेबाच्या वह्या इराणला तपासता येत नसत.

आबादानला जगातला सर्वांत मोठा तेलशुद्धीकरण कारखाना होता. इंग्रज साहेबांसाठी हिरवळ, क्लब, पोहण्याचे तलाव. इराणी मजुरांपैकी कित्येक जण कागजाबाद नावाच्या वस्तीत राहत. तिथे नळ नव्हता, वीज नव्हती. पत्रे ठोकून उभ्या केलेल्या झोपड्यांमध्ये उन्हाळ्यात भट्टी पेटल्यासारखं व्हायचं आणि पावसात सगळीकडे चिखल साचायचा. डोक्यावरून जाणाऱ्या नळांतून लक्षावधींचं तेल बंदराकडे जात असे.

मार्च १९५१ मध्ये मजलिसने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं. त्या लढ्याचे नेते डॉ. मोहम्मद मोसादेघ यांना मजलिसने पंतप्रधानपदासाठी कौल दिला आणि घटनेप्रमाणे शहाने, म्हणजे रझा शहाच्या मुलाने, त्यांची नेमणूक केली. स्वित्झर्लंडमध्ये कायद्याची डॉक्टरेट मिळवलेला हा सत्तरीच्या घरातला गृहस्थ. प्रकृती तोळामासा, त्यामुळे बिछान्यात बसून राज्यकारभार चालवायचा. पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी त्यांच्या पायजम्याची आणि अश्रूंची टिंगल केली. पण हा माणूस संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आणि हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात स्वतः जाऊन आपल्या देशाची बाजू मांडून आला. जुलै १९५२ मध्ये त्या न्यायालयाने हा खटला आपल्या अधिकारात येत नाही, असा निकाल दिला. ब्रिटनचा दावा फेटाळला गेला.

ब्रिटनने मात्र इराणी तेलाची नाकेबंदी सुरू केलेली होती. गिऱ्हाईक नाही, जहाज नाही. सरकारी तिजोरीत खडखडाट झाला. त्याच जुलैमध्ये शहाशी लष्करी खात्यावरून मतभेद होऊन मोसादेघ यांनी राजीनामा दिला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, गोळ्या झेलल्या आणि त्यांना परत खुर्चीवर बसवलं.

चार हेरांनी सरकार कसं पाडलं?

ऑक्टोबर १९५२ मध्ये मोसादेघ यांनी ब्रिटिश वकिलात बंद केली. कटाचा तळ गेल्यावर ब्रिटनने आपली योजना अमेरिकेपुढे ठेवली. अध्यक्ष ट्रुमन यांना ती पसंत नव्हती. जानेवारी १९५३ मध्ये आयझेनहॉवर आले आणि कम्युनिस्टांची भीती दाखवल्यावर काम सोपं झालं. सीआयएने मोहिमेला ‘एजॅक्स’ हे नाव दिलं. तेहरानमध्ये तिची सूत्रं हलवत होता कर्मिट रूझवेल्ट, माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचा नातू.

हेर मूठभरच होते. त्यांच्याजवळ पैसा होता आणि ब्रिटिशांनी वर्षानुवर्षं जोपासलेलं जाळं होतं. रशिदियान बंधूंसारखे धनिक या जाळ्यात होते. पैसे देऊन लेख छापून आणले गेले. खासदार फोडले गेले. कम्युनिस्टांच्या नावाने धर्मगुरूंना खोट्या धमक्या गेल्या. पंतप्रधानपदासाठी जनरल फजलुल्ला जाहेदी हा माणूस तयार ठेवला.

१५ ऑगस्टच्या रात्री कर्नल नासिरी मोसादेघ यांच्या घरी शहाचं बडतर्फीचं फर्मान घेऊन गेला आणि तिथेच पकडला गेला. शहा विमानाने बगदादला आणि तिथून रोमला पळाला. कट फसला म्हणून वॉशिंग्टनहून आवराआवरीचा निरोपही निघाला. पण रूझवेल्ट हटला नाही. फर्मानाच्या प्रती काढून वाटल्या गेल्या. १९ ऑगस्टच्या सकाळी दक्षिण तेहरानमधून जमाव निघाला. त्यात झूरखान्यांचे पैलवान आघाडीवर होते. झूरखाना म्हणजे आपल्याकडची तालीमच म्हणा. पैसे घेऊन आलेल्यांत महागाईने गांजलेले, शहाचे निष्ठावंत आणि कम्युनिस्टांना घाबरलेले लोकही मिसळले. मग लष्कराच्या तुकड्या फिरल्या. दुपारी रेडिओ केंद्र हातात गेलं आणि लपून बसलेला जाहेदी बाहेर आला. रणगाड्यांनी मोसादेघ यांच्या घरावर मारा केला. ते भिंत ओलांडून निसटले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून हजर झाले. लष्करी न्यायालयाने त्यांना तीन वर्षं कैदेत टाकलं. नंतर ते अहमदाबाद नावाच्या आपल्या गावी नजरकैदेतच राहिले आणि १९६७ मध्ये वारले. जुलै १९५२च्या हुतात्म्यांशेजारी दफन व्हावं ही त्यांची इच्छा सरकारने मान्य केली नाही. राहत्या घराच्या जेवणाच्या खोलीतच त्यांना पुरावं लागलं.

मोसादेघ चुकले नाहीत का?

चुकले. त्यांनी विशेष अधिकार मागून घेतले आणि त्यांची मुदत वाढवली. ऑगस्ट १९५३ मध्ये मजलिस बरखास्त करण्यासाठी सार्वमत घेतलं. त्यात ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मतपेट्या वेगवेगळ्या जागी ठेवल्या, म्हणजे गुप्त मतदान उरलंच नाही. मजलिस नसली की पंतप्रधान बदलायचा अधिकार आपला, असं म्हणायला शहाला त्यामुळे जागा मिळाली. आयातुल्ला काशानींसारखे जुने साथीदार दुरावले होते. तेलाच्या बोलण्यांमध्ये थोडी लवचिकता दाखवायला हवी होती, असं मानणारे इराणी अभ्यासकही आहेत.

पण असं चुकणारं सरकार कुठल्या लोकशाहीत नसतं? लोक त्याला धडा शिकवतात, पुढच्या निवडणुकीत घरी बसवतात आणि त्यातूनच शहाणे होतात. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर इथे आहे. भांडणं, फितुरी, अतिउत्साही नेता, हे सगळं इराणचं स्वतःचं होतं. ते निस्तरायला लागणारा वेळ मात्र इराणला कधीच मिळाला नाही. १९११ मध्ये तो रशियाने हिरावला आणि १९५३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेने. शिवाय भेद्यांच्या हाती बाहेरचा पैसा आणि नाकेबंदीचं हत्यार नसतं, तर त्यांना मजलिसमध्ये मतं मोजूनच जिंकावं लागलं असतं.

पुढे काय झालं?

१९५४ मध्ये तेलाचा नवा संघ झाला. ४० टक्के वाटा जुन्या ब्रिटिश कंपनीला, ४० टक्के अमेरिकन कंपन्यांना, उरलेला डच-ब्रिटिश शेल आणि एका फ्रेंच कंपनीला. १९५७ मध्ये सावाक ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली. पक्ष, संघटना, वर्तमानपत्रं दडपली गेली. विरोधाला उघड जागा उरली ती मशिदीतच, आणि १९७९ची क्रांती तिथूनच संघटित झाली.

नवे राज्यकर्तेही मोसादेघ यांच्या वाटेने गेले नाहीत. तेहरानच्या ‘पहलवी’ हमरस्त्याला क्रांतीनंतर मोसादेघ यांचं नाव दिलं गेलं, पण लवकरच तेही पुसून ‘वली-ए-अस्र’ झालं. १९५३च्या जखमेचा उपयोग मात्र हे राज्यकर्ते सोयीने करतात. २००९ मध्ये मतमोजणीवर शंका घेणारे तरुण असोत की २०२२ मध्ये महसा अमिनीच्या मृत्यूनंतर रस्त्यावर आलेल्या मुली, सगळ्यांवर एकच शिक्का : परक्यांचे हस्तक. २०१३ मध्ये खुद्द सीआयएची कागदपत्रं उघड होऊन तिचा हात मान्य झाला, म्हणून हा शिक्का आजही चालतो. परकीय हस्तक्षेपाचं हे सर्वांत दूरगामी नुकसान आहे. स्वतःचं राज्य मागणाऱ्या प्रामाणिक माणसावरसुद्धा त्याच्याच देशात संशय घेता येतो.

मग परक्यांची मदत घेऊच नये का?

जरूर घ्यावी. शुस्टर परदेशीच होता. १९०९ मध्ये तब्रिझच्या वेढ्यात हॉवर्ड बास्करव्हिल हा चोवीस वर्षांचा अमेरिकन शिक्षक घटनेच्या बाजूने लढता लढता मारला गेला. त्याची कबर तब्रिझमध्ये आहे आणि इराणी लोक त्याचं नाव आदराने घेतात. शुस्टरला मजलिसने नेमलं होतं आणि त्याचा हिशेब मजलिसलाच द्यायचा होता. बास्करव्हिल तब्रिझकरांनी उभ्या केलेल्या लढ्यात सामील झाला होता. रूझवेल्टला इराणमधल्या कुणाही मतदाराला जाब द्यायचा नव्हता.

म्हणून यापुढे कुठल्याही देशात ‘लोकशाहीसाठी’ बाहेरून कुणी उतरल्याची बातमी वाचाल, तेव्हा उतरणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट, या वादात फार अडकू नका. काम बिघडलं तर तिथले लोक त्याला मतदानाने परत पाठवू शकतात का, एवढं तपासा. पाठवू शकत नसतील, तर तिथे जे येईल त्याला लोकांचं राज्य म्हणता येणार नाही.