सायकलवरील विद्यार्थी आणि वाटेवरचा नमस्कार

वाटेत भेटणाऱ्या माणसास ओळख द्यावी, ही शिकवण खेड्यातील मुलास शाळेत नाव दाखल होण्यापूर्वीच मिळालेली असते. आजोबांचे बोट धरून रानाकडे निघालेले मूल बांधाबांधावर ‘रामराम’ ऐकते आणि चार दिवसांत स्वतःही म्हणू लागते. पायी चालणाऱ्याच्या या रीतीत शाळेने भर घालावी असे फारसे काही नाही. प्रश्न उत्पन्न होतो तो मूल सायकलवर बसू लागल्यानंतर. पायी चालणारा थांबू शकतो, दोन्ही हात जोडू शकतो, वाकू शकतो. सायकलस्वाराचे हात मुठींवर गुंतलेले असतात आणि त्याची दृष्टी रस्त्यावर असावी लागते. घरची रीत जशीच्या तशी सायकलवर नेल्यास अपघात ओढवतो. ती अजिबात सोडून दिल्यास तेच मूल वाटेवर मुके होते. या दोहोंमधील मार्ग शिक्षकाने दाखवावयाचा आहे.

कुपवाडच्या परिसरातील शाळांना हा विषय विशेष निकटचा आहे. सांगली आणि मिरज या दोन शहरांच्या शेजारी वसलेले कुपवाड हे एके काळी मिरज तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव होते. तेथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि १९९८ मध्ये सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका स्थापन होऊन ते शहराचा भाग बनले. सावळी, बामणोली, कानडवाडी, तानंग ही भोवतालची गावे हद्दीबाहेर राहिली. परंतु हद्द कागदावर असते, रस्ता एकच असतो. त्याच रस्त्याने उसाच्या ट्रॉल्या जातात, मालमोटारी जातात, पाळी सुटल्यावर कामगारांची रांग निघते, आणि त्याच वेळी दप्तर मागे अडकवून शाळेची मुले घरी परततात. गावात समोरचा प्रत्येक चेहरा ओळखीचा असे. या रस्त्यावर बहुतेक चेहरे अनोळखी, कित्येकांची भाषाही निराळी. अशा ठिकाणी नमस्कार कोणाला करावा, कसा करावा, आणि कोठे करू नये, हे मुलांस आपोआप समजेल अशी अपेक्षा धरणे योग्य नव्हे.

प्रथम गणित पाहावे, कारण मुलांना उपदेशापेक्षा हिशेब लवकर पटतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. समोरून दुसरी सायकल त्याच वेगाने येत असेल तर दोहोंतील अंतर दर सेकंदास सुमारे आठ मीटर घटते. म्हणजे पंचवीस मीटरांवर ओळख पटली तर एकमेकांस ओलांडून जाण्यास केवळ तीन सेकंद उरतात. या तीन सेकंदांत पाहणे, ओळखणे, शब्द उच्चारणे आणि उत्तर ऐकणे एवढे सर्व व्हावयाचे असते. त्यातील दोन सेकंद मुलाने मान वळवून मित्राकडेच पाहिले, तर त्याची सायकल आठ मीटर न पाहता पुढे गेलेली असते. शाळेची एक खोली साधारण तेवढीच लांब असते. डोळे मिटून खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावशील काय, असा प्रश्न वर्गात विचारून पाहावा.

यावरून रस्त्यावरील नमस्काराचे स्वरूप ठरते. तो आखूड असावा, मुखाने असावा, आणि फार तर मान किंचित लववून असावा. हात उचलू नये. याचे कारण केवळ तोल जाण्याचे नाही. सायकलींना सामान्यतः उजव्या मुठीतील ब्रेक पुढच्या चाकाचा व डाव्या मुठीतील मागच्या चाकाचा असतो. एक हात सुटला की थांबण्याचे निम्मे साधन सुटले. त्याहूनही मोठा धोका निराळा आहे. आपल्या देशातील वाहनचालकांच्या रूढ खुणा उजव्या हाताच्या आहेत. उजवा हात आडवा पसरला तर ‘उजवीकडे वळत आहे’, आणि कोपरात दुमडून उभा धरला तर ‘थांबत आहे’ असा त्याचा अर्थ होतो. मुलाने समोरच्या मामांस पाहून उजवा हात उंचावला, तर मामांस तो नमस्कार वाटेल. पाठीमागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकास ती थांबण्याची खूण वाटेल. एका हाताने एकाच क्षणी दोन माणसांस दोन गोष्टी सांगणे रस्त्यावर परवडत नाही. हात खुणेसाठी, मुख नमस्कारासाठी, अशी वाटणी मुलांस सांगावी. ती त्यांच्या सहज ध्यानात राहते.

आता गुरुजी दिसताच सायकलवरून खाली उतरण्याच्या प्रथेकडे वळावे. जुन्या पिढीतील अनेकांनी ती पाळली आहे, आणि तिच्यामागील आदर खरा होता यात संशय नाही. तथापि या प्रथेचे मूळ थोडे खोल पाहिले पाहिजे. सायकल या भागात आली तेव्हा ती थोरामोठ्यांची वस्तू होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ च्या सुमारास बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. पुढे १९१० मध्ये आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीस त्यांनी कारखाना उभारला. त्या काळात सायकलवर बसलेला माणूस घोड्यावर बसलेल्या माणसासारखाच पादचाऱ्याहून उंच दिसे, आणि घोड्यावरून उतरण्याचा शिष्टाचारच सायकलीस लागू झाला. परंतु हा शिष्टाचार सर्वांकडून सारखा अपेक्षिला जात नव्हता. ज्यांस समाजाने हीन लेखले त्यांनी वरिष्ठांच्या दारावरून जाताना वाहनावरून उतरलेच पाहिजे, असा जुलूम देशाच्या अनेक भागांत चालत असे. विद्यार्थ्याने प्रेमाने उतरणे आणि दुबळ्याने भीतीने उतरणे या दोन गोष्टी बाहेरून अगदी सारख्या दिसतात. म्हणूनच शिक्षकाने या प्रथेबद्दल मौन न पाळता स्वतःच मुलांस तीतून मुक्त करावे हे बरे. त्यास व्यावहारिक कारणही आहे. रहदारीच्या रस्त्यावर मूल एकाएकी खाली उतरले म्हणजे मागून येणारा सायकलस्वार त्याच्यावर आदळतो. ‘मी दिसलो तर उतरू नका, नमस्कार म्हणा आणि पुढे जा,’ एवढे वाक्य शिक्षकाच्या तोंडून गेल्याशिवाय मुले उतरणे थांबविणार नाहीत. शाळेच्या फाटकात उतरणे मात्र चालू ठेवावे. तेथे गर्दी असते आणि लहान मुले आडवी धावतात.

नमस्कार प्रथम कोणी करावा, हा पुढचा प्रश्न. लहानाने मोठ्यास, ही घरची रीत रास्तच आहे. परंतु या भूमीत दीर्घकाळ दुसरीही एक रीत होती. तीत वयाला महत्त्व नव्हते, जातीला होते. कोणी ‘रामराम’ म्हणावे आणि कोणी ‘जोहार’ म्हणावे हे ठरलेले असे, आणि पांढऱ्या केसांच्या वृद्धास पाटलाच्या पोरापुढे प्रथम वाकावे लागे. जोहार हा शब्द संतवाङ्मयातही शिरला, इतका तो रोजचा होता. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून ‘जय भीम’ हे अभिवादन महाराष्ट्रात रुजत गेले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते: दोन माणसे एकच शब्द, एकाच पातळीवरून, एकमेकांस उच्चारू लागली. २६ जानेवारी १९५० पासून अंमलात आलेल्या राज्यघटनेने पंधराव्या कलमात विहिरी, तलाव व घाट यांच्या जोडीने रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख केला असून धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने सार्वजनिक रस्त्याच्या वापरास कोणास प्रतिबंध करता येणार नाही असे म्हटले आहे. घटनेत रस्ता हा शब्द आहे, हे सहावी-सातवीच्या मुलांस आवर्जून दाखवावे. त्यांना आश्चर्य वाटते.

बरोबरीच्या नमस्काराचा जुना नमुना हवा असल्यास तो वारीत सापडतो. सातारा जिल्ह्यातून लोणंद-फलटणमार्गे ज्ञानेश्वर महाराजांची पालखी जाते तेव्हा वारकरी एकमेकांच्या पाया पडताना दिसतात. थोरला धाकट्याच्या पाया पडतो, धाकटा थोरल्याच्या. दोघेही एकमेकांस माउली म्हणतात. प्रथम कोण, या प्रश्नाचा तेथे निकालच लागून जातो. सायकलस्वारांनीही हाच नियम धरावा: ज्याने प्रथम पाहिले त्याने प्रथम म्हणावे.

कोणता शब्द वापरावा याविषयी शाळेने आग्रह धरू नये. या जिल्ह्यात रामराम आहे, नमस्कार आहे, जय भीम आहे, सलाम आहे. जैन शेतकऱ्यांच्या घरी जय जिनेंद्र आहे, लिंगायत घरी शरणार्थी आहे, वारकऱ्यांत रामकृष्णहरी आहे. मुलाने आपला शब्द म्हणावा आणि समोरून जो येईल त्याचा प्रसन्नपणे स्वीकार करावा. समोरच्याचाच शब्द त्यास परत दिला तर अधिकच चांगले. एखाद्या विशिष्ट अभिवादनास उत्तर न देण्याची सवय काही घरांतून मुलांना लागलेली असते. ही गोष्ट शिक्षकाच्या कानावर आली तर ती क्षुल्लक समजून सोडून देऊ नये.

पाठीमागून जाऊन दुसऱ्या सायकलीस ओलांडताना नमस्काराचे काम घंटीने सुरू होते. थोड्या अंतरावरून एकदा वाजवावी, समोरच्याने ऐकल्याचे दिसावे, मग त्याच्या उजव्या बाजूने जावे, आणि बरोबरीस आल्यावर एखादा शब्द बोलावा. अगदी पाठीशी येऊन घंटीचा कल्लोळ केल्यास पुढचा माणूस दचकतो आणि नेमका उजवीकडेच वळतो. पायी चालणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत घंटीपेक्षा ‘आजोबा, उजवीकडून येतोय’ असे म्हणणे केव्हाही बरे. दोन मित्रांनी गप्पांसाठी जोडीने सायकली हाकू नयेत, हे तर सर्व शिक्षक सांगतच असतात.

मुलींच्या बाबतीत हा विषय अधिक काळजीने मांडावा लागतो. मुलीची शाळा अनेकदा वर्गात सुटत नाही, रस्त्यावर सुटते. वाटेवर कोणी त्रास देतो असे घरी कळले की पालक तिलाच घरी बसवितात. दुसऱ्या बाजूस, तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीने हजारो ग्रामीण स्त्रियांना सायकल शिकविली, तेव्हा त्यांचे बाजारास, कामास व वर्गास जाणे कोणाच्या सोबतीवाचून होऊ लागले. सायकल मुलीस इतके देते, म्हणून ती तिच्या हातून जाऊ नये. तिला स्पष्ट सांगावे की ओळखीच्यास नमस्कार करणे हा शिष्टाचार आहे. अनोळखी माणसास उत्तर देणे हे तिच्या इच्छेवर आहे, आणि उत्तर न देणे हा उद्धटपणा नव्हे. नमस्कार चालत्या सायकलीवर संपतो. जो थांबण्यास सांगतो, मागोमाग येतो, किंवा रोज त्याच वळणावर उभा असतो, त्याचे बोलणे नमस्कार नसते. असे घडल्यास तिने ते त्याच दिवशी बाईंना किंवा घरी सांगावे. बालकांसाठी १०९८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहिलेला असावा. आणि हा भाग मुलांसमोरही शिकवावा, केवळ मुलींना बाजूस घेऊन नव्हे. समोरून येणारा कसा असावा हे मुलांनीच शिकावयाचे आहे.

रस्त्याच्या कडेस सायकल आडवी करून कोणी खाली बसलेला दिसला, तर मात्र तीन सेकंदांचा नियम गुंडाळून ठेवावा. चेन पडलेली असते किंवा चाकातील हवा गेलेली असते. अशा माणसास ‘रामराम’ म्हणून पुढे जाणे हे न म्हणण्यापेक्षाही वाईट दिसते. मुलांनी दोघे-तिघे मिळून, रस्त्याच्या डावीकडे पूर्ण बाहेर थांबून, काय झाले ते विचारावे. पंप असल्यास द्यावा, नसल्यास पुढच्या दुकानात निरोप सांगावा. एकट्या मुलाने थांबू नये. त्याने पुढे जाऊन एखाद्या मोठ्या माणसास सांगितले तरी त्याचे काम झाले.

शिक्षकांच्या स्वतःच्या वागणुकीविषयीही एक शब्द आवश्यक आहे. पूर्वी गुरुजी सायकलवर येत आणि दुरूनच ओळखू येत. आता पुष्कळसे शिक्षक मोटारसायकलवर येतात, डोक्यावर शिरस्त्राण असते, आणि मुलाने केलेला नमस्कार इंजिनाच्या आवाजात ऐकूही येत नाही. मुलाला वाटते, सरांनी पाहून न पाहिल्यासारखे केले. शाळेच्या अलीकडच्या वळणावर वेग कमी करून मान लववावी. आणि एखाद्याचा नमस्कार राहून गेला असे वाटल्यास परिपाठाच्या वेळी त्याचे नाव घेऊन तसे सांगावे.

हा पाठ वर्गापेक्षा मैदानावर चांगला होतो. फक्कीने सहा-सात पावले रुंदीचा रस्ता आखावा, मध्ये रेघ मारावी, पंचवीस मीटरांवर दोन खुणा कराव्यात. प्रत्येक खुणेपासून एकेक सायकल आपापल्या डाव्या बाजूने सोडावी आणि उरलेल्या वर्गाने मोठ्याने सेकंद मोजावेत. पहिल्या फेरीत बहुतेक मुले हात उचलतात किंवा मान मागे वळवितात. त्यांना रागावू नये, चाक रेघेपासून किती सरकले ते फक्कीतील माग दाखवून समजावावे. दुसऱ्या फेरीत एका मुलाने मालमोटारीचा चालक होऊन मागून धावत यावे आणि पुढच्याने हात उचलला की त्याचा अर्थ आपल्याला काय वाटला ते सांगावे. सायकल नसलेल्या मुलांनाही हे काम द्यावे, म्हणजे ती बाजूस राहत नाहीत. ज्यांचे पाय पुरत नाहीत आणि जी दांडीखालून पाय घालून अर्धे पायडल मारतात, त्यांच्याकडून नमस्काराचा सराव करून घेऊ नये. त्यांना अगोदर सरळ रेषेत चालविता येऊ द्यावे. मैदान ओले असल्यास पाठ पुढे ढकलावा. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, आणि कोरड्या दिवशी केलेले तीन सेकंदांचे गणित तेथे चालत नाही.